माशांच्या दुकानातला सल्ला कुठवर ऐकायचा? पहिली टाकी लावणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा मासे आणणाऱ्या बऱ्याच घरांत एकच गोष्ट घडते. रविवारी दुकानात जाऊन काचेचं गोल भांडं, रंगीत खडी, दोन गोल्डफिश आणि खाण्याचं पाकीट आणलं जातं. आठ-दहा दिवसांनी एक मासा तळाला बसतो, दुसरा वर येऊन तोंडाची उघडझाप करतो, आणि पंधरवड्याच्या आत दोन्ही जातात. मुलं रडतात. दुकानात विचारायला गेलं की "पाणी सूट झालं नाही" असं उत्तर मिळतं, आणि निळ्या औषधाची बाटली व नवी जोडी घेऊन आपण घरी येतो. घरात कुणीतरी म्हणतं, "घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं."

हे शेवटचं वाक्य मला फार खुपतं. त्याने मनाला दिलासा मिळतो हे खरं आहे, पण मासा कशाने मेला हा प्रश्न तिथेच मिटतो आणि पुढची जोडीही त्याच पाण्यात जाते. कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. त्या पाण्यात माशांच्याच घाणीतून होणारा विषारी अमोनिया साठलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

दुकानदार मुद्दाम फसवतात असं मी म्हणणार नाही. त्यांची गोष्ट समजून घेतली की कोणता सल्ला घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे आपोआप कळतं. त्यांच्याकडे मासा येतो आणि काही दिवसांत विकला जातो. एकेका टाकीत शंभर-शंभर गप्पी असतात, पण पाणी सारखं बदललं जातं आणि खाणं मोजकंच पडतं. तेवढे दिवस मासा तग धरतो. म्हणून "एवढ्याशा भांड्यात काही होत नाही" असं काउंटरवरचा मुलगा म्हणतो तेव्हा ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तो मासा तुमच्या घरी तिसऱ्या आठवड्यात कसा आहे हे मात्र त्याने कधीच पाहिलेलं नसतं. म्हणून मासा कधी आला, सध्या काय खातो, कोणत्या टाकीतला आहे, या गोष्टी दुकानात जरूर विचारा. पाण्याचे निर्णय मात्र स्वतःकडे ठेवा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: टाकी आणा, मासे आणू नका

पहिल्या फेरीत एकही मासा घरी येता कामा नये. हे जमलं की अर्धं काम झालं. मुलांना घेऊन जायचं असेल तर निघतानाच सांगून ठेवा, आज फक्त टाकी.

गोल भांडं घेऊ नका. त्यात पाच-सात लिटर पाणी मावतं, धड फिल्टर बसत नाही, आणि निमुळत्या तोंडामुळे हवेशी भिडणारा पृष्ठभागही कमी पडतो. गोल्डफिश हा भांड्यातला मासा म्हणून खपवला जातो, पण नीट सांभाळला तर तो पंजाएवढा होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. शिवाय तो घाणही भरपूर करतो. दोन गोल्डफिशना किमान शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. फायटरचंही तसंच. "फायटर बाटलीत राहतो, तो वरून हवा घेतो" हे वाक्य तुम्ही ऐकालच. तो वरून हवा घेतो हे खरं आहे, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो. पण हवा वरून घेतली तरी विष्ठा पाण्यातच पडते, आणि तेच पाणी त्याच्या कल्ल्यांमधून फिरतं. थायलंडच्या ज्या भातखाचरांतून हा मासा आला, तिथलं पाणी उथळ असलं तरी दूरवर पसरलेलं असतं. फायटरला पंधरा-वीस लिटरची झाकण असलेली टाकी द्या. तो किती वेगळा वागतो ते बघून तुम्हालाच नवल वाटेल.

"टाकी बघून मासा वाढतो" हा दुसरा ठरलेला सल्ला. लहान टाकीत मासा खुजा राहतो, पण ते त्याच्या शहाणपणामुळे नाही. साठत जाणाऱ्या घाणीमुळे आणि जागेअभावी त्याची वाढ खुंटते, कधी पाठ वाकते, आणि तो अकाली मरतो.

सुरुवातीला २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच अशी टाकी घ्या. तिन्ही मापं इंचांत गुणून ६१ ने भागलं की लिटर मिळतात. या टाकीचे येतात सुमारे ७०. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ६० लिटर पाणी धरा. नवीन माणसाला छोटी टाकी सोपी वाटते, पण चूक पोटात घालायला पाणी जास्तच लागतं. भरलेली टाकी काच-खडी धरून ऐंशी किलोच्या आसपास जाते, तेव्हा शोकेसवर किंवा टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका. भक्कम लोखंडी स्टँड घ्या, काचेखाली थर्माकोलचा पत्रा टाका, आणि खिडकीतलं ऊन टाळा, नाहीतर महिन्याभरात काच शेवाळाने हिरवी होते.

दुसरी पायरी: फिल्टर, आणि तो कधीही बंद न करणं

दुकानात ज्याला "ऑक्सिजनचं मशीन" म्हणतात तो एअर पंप. तो ऑक्सिजन तयार करत नाही. बुडबुड्यांनी पाणी वरखाली होतं आणि पृष्ठभागावर हवा विरघळते, एवढंच. नुसता पंप आणि त्याच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) घेऊन "फिल्टरची गरज नाही" असं कुणी म्हटलं तर त्याच पंपाला जोडायचा स्पंज फिल्टर मागा. तो स्वस्त असतो, पहिल्या टाकीला पुरतो, आणि माझ्या मते महागड्या चकचकीत फिल्टरपेक्षा नवीन माणसाला तोच बरा.

"दिवसातून दोन-तीन तास चालवला तरी चालतो, वीज वाचते" हा सल्ला टाकी मारतो. फिल्टरच्या स्पंजात अमोनिया पचवणारे जे जिवाणू वसतात त्यांना सतत वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. फिल्टर तासन्‌तास बंद राहिला की ते मरायला लागतात. विजेचा हिशेब करून बघा. ५ वॉटचा पंप चोवीस तास, तीस दिवस चालला तर ३.६ युनिट होतात. बंद ठेवायचा तर दिवा ठेवा. तो सहा ते आठ तास पुरे.

जिथे भारनियमन असतं तिथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात टाकीचं झाकण उघडून पाण्यावर टेबलफॅन सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडून गेलेलं पाणी तेवढं भरत राहायचं. बर्फ टाकू नका, त्याने पाणी झपकन थंड होऊन पुन्हा तापतं आणि माशाला ते सोसत नाही.

हीटर घ्यायचा की नाही हे थर्मामीटरला विचारा, दुकानाला नको. मुंबई-ठाणे-कोकणात वर्षातला बराच काळ त्याची गरज पडत नाही. नाशिक, पुणे, नागपूरच्या थंडीत रात्री टाकीचं पाणी २० च्या खाली जाऊ शकतं, तिथे फायटर, गप्पी, एंजल यांना तो लागतो. लिटरमागे एक वॉट असा अंदाज धरा.

तिसरी पायरी: आपल्या नळाला कोणतं पाणी येतं

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. फिल्टरमधले जिवाणूही मारतो. पावसाळ्यात गढूळपणामुळे क्लोरीनचं प्रमाण वाढवतात, वासावरूनही ते कळतं. बादलीत पाणी भरून एअर स्टोन सोडून एक दिवस ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. पाकिटावरच्या मापाने बादलीत टाका, ढवळा, मग टाकीत ओता. अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते नुसतं ठेवून उडत नाही, त्यासाठीचं कंडिशनर वापरावंच लागतं.

मग पाण्याचा जडपणा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड असतं. बादलीवर आणि शॉवरवर पांढरा थर धरत असेल तर समजा तुमचंही तसंच आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते आवडतं. धरणातून येणारं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ असतं. त्यात टेट्रा खूश राहतात, पण मॉली अंग चोरून डुलत राहते. "पाणी खराब आहे, आरओचं किंवा बाटलीचं घाला" असं सांगितलं जातं. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचं माप, ७ म्हणजे मधलं) टिकत नाही आणि एखाद दिवशी एकदम घसरतो. पाणी बदलण्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवणारा मासा निवडणं सोपं. पाणी फारच मऊ असेल आणि गप्पीच हवे असतील तर धुतलेले मूठभर शिंपले जाळीच्या पिशवीत घालून टाकीत ठेवा, ते हळूहळू विरघळून क्षार देतात.

चौथी पायरी: मासे नसलेली टाकी महिनाभर चालवणं

या पायरीविषयी दुकानात सहसा कुणी बोलत नाही. दुकान सांगतं, "टाकी भरा, दोन तास फिल्टर चालवा, मासे सोडा." इथेच सगळं बिघडतं, म्हणून इथे जरा थांबू या.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर जिवाणूंचा थर असतो. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही जहाल, नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. नवीन टाकीत हे जिवाणू नावालाही नसतात. पहिले काही दिवस मासा आनंदाने फिरतो, कारण विष अजून साठायचं असतं. म्हणून तो पहिल्या दिवशी मरत नाही, आठव्या-दहाव्या दिवशी मरतो, आणि आपल्याला वाटतं की कालपर्यंत तर ठणठणीत होता.

किती अमोनिया घातक, हे पीएचवरही ठरतं. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून बोअरच्या पाण्यातली नवी टाकी धरणाच्या पाण्यातल्या टाकीपेक्षा लवकर मासे मारते. नायट्राइटची तऱ्हा वेगळी. ते रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं, आणि कल्ले तपकिरी पडतात. एअर स्टोन जोरात चालू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असेल तर आधी नायट्राइट तपासा. अशा वेळी "दुसरं मशीन लावा" हा सल्ला कामाचा नाही, कारण पाण्यात ऑक्सिजन असतो, रक्तच तो घेत नसतं.

तर करायचं असं. टाकी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर सुरू करा. मग माशाशिवाय अमोनिया द्या. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकलं तरी ते कुजून काम होतं. ज्यांच्याकडे चालतं त्यांनी बाजारातून एक कोळंबी आणून, सोलून, पातळ फडक्यात बांधून टाकीत सोडावी. वास येईल, आठवडाभर सहन करा. नंतर ती काढून टाका आणि रोजचं चिमूटभर खाणं सुरू करा. थेंबांचं टेस्ट किट घ्या, त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चार चाचण्या हव्यात. किट महाग वाटेल, पण दर महिन्याला मासे विकत घेण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया चढेल, मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल, शेवटी तेही उतरून फक्त नायट्रेट उरेल. खाणं रोज पडत असूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात, आपल्याकडच्या उबदार पाण्यात कधी त्याआधीही होतं. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. ओला ठेवून लगेच आपल्या फिल्टरमध्ये घातला तर हा काळ बराच घटतो.

मधल्या काळात पाणी दुधाळ होईल. दुकान म्हणेल, सगळं पाणी काढून टाका. काढू नका. ते आपोआप निवळतं. जिवाणूंच्या बाटल्याही मिळतात, "ही टाका आणि आजच मासे सोडा" असं सांगून. वापरायला हरकत नाही, पण किटवर दोन शून्य दिसेपर्यंत मासा आणू नका.

आणि मासे आधीच आणलेले असतील तर? घाबरू नका. रोज चौथा हिस्सा पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदला, खाणं एक दिवसाआड आणि अगदी थोडं द्या, रोज चाचणी करा. नायट्राइट दिसलं तर लिटरमागे एक ग्रॅम खडे मीठ आधी बादलीत विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. महिनाभर चिकाटी ठेवली तर बरेच मासे वाचतात.

पाचवी पायरी: कोणते मासे, किती मासे

आता दुकानात जा. कुर्ल्याच्या बाजारात जा, क्रॉफर्ड मार्केटमध्ये जा, नाहीतर गल्लीतल्या दुकानात. खरेदीआधी दहा मिनिटं नुसतं बघा. टाकीत मेलेला मासा तसाच आहे का, पंख मिटून कोपऱ्यात बसलेले किती, अंगावर मिठाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके आहेत का, एकच जाळी सगळ्या टाक्यांतून फिरते का. तशी फिरत असेल तर एका टाकीचा रोग सगळीकडे जातो. मासा आवडला की विचारा, "दादा, हा पूर्ण वाढून केवढा होतो?" उत्तर "टाकीप्रमाणे होतो" असं आलं तर मोबाइलवर नाव शोधून खात्री करा आणि मगच पैसे द्या.

हे न विचारल्यामुळे फसगत होणारे दोन मासे सांगतो. "शार्क" म्हणून जो चंदेरी, बोटभर मासा विकतात तो बहुधा पंगास असतो, खाण्यासाठी तलावांत वाढवतात तोच. तो मीटरभर होतो. आणि "सकर घ्या, टाकी साफ ठेवतो" म्हणून जो काळा, काचेला चिकटणारा मासा देतात तो फूट-दीड फूट वाढतो, स्वतःच मणभर विष्ठा करतो, आणि इतर माशांची विष्ठा खात नाही. टाकी साफ ठेवणारा मासा नसतो. ते काम आपलं.

आपल्याकडे दुकानात भाव जोडीचा असतो, म्हणून सगळं जोडीने घेतलं जातं. हिशेबाला ते सोयीचं, माशांना नाही. टेट्रा, डॅनिओ, बार्ब हे थव्याने राहणारे मासे, दोनच असले तर ते भेदरून लपतात नाहीतर एकमेकांना छळतात. एका जातीचे सहा तरी घ्या. गप्पीची जोडी घेतलीत तर नर त्या एकट्या मादीचा पिच्छा सोडत नाही, आणि साधारण महिन्याला पिल्लांचं एक वेत येतं. पिल्लं नको असतील तर सगळे नर घ्या, रंगही त्यांनाच असतो. "दोन गोल्डफिश, दोन एंजल, दोन टायगर बार्ब, एक सकर" असा मिसळीचा सेट तर घेऊच नका. गोल्डफिशला थंड पाणी आवडतं, एंजलला उबदार, आणि टायगर बार्ब एंजलचे लांब पंख कुरतडतात.

साठ लिटरच्या पहिल्या टाकीला माझी पसंती झेब्रा डॅनिओला. हा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा आहे. थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतो आणि दिवसभर खेळत असतो. आठ घ्या, पण आधी चार आणा, दोन आठवड्यांनी उरलेले. जिवाणूंना वाढलेला भार पेलायला वेळ लागतो.

गुलाबी, निळे, पोपटी "कलर विडो" किंवा रंगीत पट्ट्यांचे काचमासे दिसले तर घेऊ नका. हे मासे कृत्रिम रंगवलेले असतात, काचमाशांना तर सुईने रंग टोचला जातो. रंग काही महिन्यांत उडतो, जखमा राहतात. आपल्या नद्यांत सापडणारा चांदा, म्हणजे हाच काचमासा, मूळचा आरपार पारदर्शक असतो, पाठीचा कणाही दिसतो. तोच इतका सुंदर आहे की त्याला रंगाची गरज नाही. मागणी थांबली तरच हे थांबेल.

वास्तूचं म्हणाल तर आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश असा संच अनेक दुकानं सुचवतात, श्रीमंतांना अरोवाना. श्रद्धा ज्याची त्याची. पण नऊ गोल्डफिशना चारशे लिटरच्या पुढे पाणी लागतं, आणि अरोवाना दोन फुटांपलीकडे वाढतो. तेवढी टाकी देता येत नसेल तर दिवाणखान्यात त्या जिवांचे हाल होतात, आणि त्यातून घराचं भलं होईल असं मला तरी पटत नाही.

सहावी पायरी: घरी आणल्यावर

पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळतं. मग दर पाच मिनिटांनी पेलाभर टाकीचं पाणी पिशवीत घाला, असं चार-पाच वेळा. नंतर मासा जाळीने उचलून सोडा. दुकानचं पाणी टाकीत ओतू नका, रोग त्यातूनच येतो. पहिली टाकी असेल तर तीच विलगीकरणाची जागा. पुढे कधीही नवीन मासा आणलात तर त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात स्पंज फिल्टर लावून ठेवा.

सातवी पायरी: आठवड्याचं काम

"महिन्यातून एकदा सगळं काढून टाकी धुऊन घ्या" हा सल्ला आणि ते करून देणारी माणसं दोन्ही सहज मिळतात. मासे बादलीत, पाणी गटारात, खडी नळाखाली, स्पंज साबणाने. संध्याकाळी टाकी लखलखते, आणि महिनाभर खपून वाढवलेले जिवाणू एका दुपारी संपलेले असतात. मग टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर.

त्याऐवजी दर आठवड्याला २०–२५ टक्के पाणी बदला. सायफनची नळी खडीत खुपसून तळची घाण ओढून घ्या. ते काढलेलं पाणी बादलीत असतानाच फिल्टरचा स्पंज त्यात दोन-तीनदा पिळा. पाणी गढूळ चहासारखं होईल. स्पंज तपकिरी, किंचित बुळबुळीत राहिला पाहिजे. पांढरा होईपर्यंत धुऊ नका, तो बुळबुळीत थरच टाकी चालवतो. बादलीचं पाणी कुंड्यांना घाला, झाडं तरारतात. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीएवढ्याच तापमानाचं हवं. बादली माशांसाठी वेगळी ठेवा, तिला साबण लागता कामा नये. अमोनिया आणि नायट्राइट कायम शून्य, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या (किटवर पीपीएम) खाली, एवढं सांभाळलं की पुरे.

खाणं दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गणपतीत आठवडाभर गावाला जायचं असेल तर निरोगी मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजारच्या काकूंना चावी देऊन खाणं टाकायला सांगाल तर त्या मायेने रोज मूठभर टाकतील. सुट्टीसाठी विकतात त्या विरघळणाऱ्या वड्याही नकोत.

आठवी पायरी: मासा आजारी दिसला तर

औषधाची बाटली उघडण्याआधी पाण्याची चाचणी करा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर पाणी बदलणं हेच औषध. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर त्याचा उपयोग होतो, पण वेगळ्या टबात. मुख्य टाकीत टाकलं तर फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि काचांमधलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकायला सांगणारेही भेटतात. रोग कोणता हे माहीत नसताना प्रतिजैविक पाण्यात ओतणं माशाला आणि आपल्यालाही घातक.

पांढरे ठिपके आले तर तो एक परजीवी असतो. अंगावरच्या ठिपक्यात असताना त्याला औषध लागू पडत नाही, सुटून पाण्यात पोहताना पडतं. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की उपाय थांबवायचा नाही, दोन आठवडे चालू ठेवायचा. पाणी हळूहळू ३० अंशांवर न्या, एअर स्टोन वाढवा, लिटरमागे दोन ग्रॅम खडे मीठ दोन दिवसांत विभागून घाला. टाकीत वनस्पती, लोच किंवा मांजरमासे असतील तर मीठ जपून. ते उडून जात नाही, पाणी बदलूनच कमी होतं. त्यामुळे "दर आठवड्याला मूठभर मीठ टाकत जा" हा सल्ला ऐकलात तर काही महिन्यांत टाकी खारट होते.

जो मासा ठेवणं जमत नाही

सकर फूटभर झाला, गप्पी पन्नास झाले, की दुकानातून सांगतात, "तलावात सोडून द्या, पुण्य लागेल." कृपा करून सोडू नका. दक्षिण अमेरिकेतून आलेला सकर आज केरळच्या पाण्यांपासून गंगेपर्यंत पसरला आहे. त्याला इथे फारसे शत्रू नाहीत, अंगावर हाडांचं चिलखत आहे, काठाच्या मातीत तो बिळं करतो, आणि कोळ्यांची जाळी फाडतो. देवळाचं कुंड असो, विहीर असो की गावचं धरण, नियम एकच.

मोठा झालेला मासा परत घ्याल का, हे विकत घेतानाच दुकानात विचारून ठेवा. बरेच जण घेतात, आणि जो घेतो त्याच्याकडेच पुढची खरेदी करा. नाहीतर शहरातल्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाका, मोठी टाकी असलेलं कुणीतरी भेटतं. देताना मासा किती वर्षांचा, काय खातो, पाणी नळाचं की बोअरचं, पीएच किती, हे कागदावर लिहून सोबत द्या.